बसता-उठता

अमरावती
१२ मे २०२४

पार्वताबाई,

नमस्कार. पाकीट बघून धस्स झालं असेल तर आधीच सांगते, बातमी गोड आहे, आणि ती श्यामने तुम्हाला केव्हाच दिली असणार. आपण दोघी आजी होणार! तुमच्या मुलाचं आणि माझ्या मुलीचं बाळ! फोनवर तुमच्याशी याबद्दल पोटभर बोलायचं होतं, पण तुमच्या कानांचं मला माहीत आहे. चंदा बिचारी मधे उभी राहून माझं एकेक वाक्य तुमच्या कानाशी ओरडून सांगते, आणि चारुताला उलट्या होतात ही बातमी पिंपळडोहातल्या चार घरांना एकदमच कळते. तुमची थोरली सून गुणाची आहे, पण म्हणूनच हे पत्र. जन्मभर शाळेत मराठी शिकवलं, त्याचा एवढा तरी उपयोग व्हावा.

तारीख नोव्हेंबरच्या मध्याची आहे. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे आमच्याकडे, हे तर ठरलेलंच. परवा नागपूरहून चारुताचा फोन होता. म्हणाली, "आई, बाळाला आंघोळ मात्र सासूबाई घालतील हं. पायांवर घेऊन, तेल लावून. श्याम सांगतो, त्यांच्या हाताखालून गेलेलं पोर ढाराढूर झोपतं."

मी म्हटलं, "आणि मी?"

"तू? आई, तुझ्याने खाली बसवतं तरी का?"

मी हसण्यावारी नेलं. गुडघे थोडे कुरकुरतात, ह्या वयात कुणाचे कुरकुरत नाहीत? असो. तर हे तुम्हाला रीतसर आमंत्रण. बाळंतपणाला चांगल्या महिना-दोन महिन्यांच्या तयारीने या. आमचे वकीलसाहेब आत्तापासूनच पाळणा शोधायला लागलेत. मी म्हटलं, अहो, अजून सहा महिने आहेत! पण ऐकतील तर शपथ.

व्याह्यांना नमस्कार, चंदाला आशीर्वाद.

आपली,
कुंदा


पिंपळडोह, ता. अकोला
२१ मे २०२४

इहीनबाई,

नमस्कार. तुमचं पत्र आलं तवा मी आंगनात शेवया वाळू घालून राह्यली होती. शेवया तशाच सोडल्या आन पहिले पत्र वाचलं. मंग आमच्या बुढ्याले वाचून दाखवलं. तो म्हने, आनखीन एकडाव वाच. माहं लिवनं सातवीपरेंतचं हाये, तुमी मास्तरीनबाई, चुका काढाच्या असन तं काढा.

येनार का म्हंजे? येनारच! श्याम आन त्याचा मोठा भाऊ, दोघंयी माह्या पायावर नाह्यले. गावातल्या लेकरायची तं गिनतीच नाई. लेकरू पायावर पालथं टाकाचं, दोन्ही अंगठ्यानं पाठीले तेल जिरवाचं, मंग वरून कोमट पान्याची धार. पहिले थे रडते. मंग एकदम चूप होते, आन डोळे मोठे करून पाह्यते, का बाप्पा, हे काय होऊन राह्यलं आपल्यासंग! थे डोळे पाहासाठी मी अमरावतीच काय, काशीले येईन.

एक इचारतो, राग नका मानू. तुमच्या न्हाणीत धराले काही हाये का? भिताडाले दांडी-गिंडी? फरशी घसरनी तं नाई? आन पाट केवढा उंच हाये? आमच्याइकडचे पाट लय बुटके असते. तुमच्याकडं उंच असन तं बरं होईन.

चारुताले म्हनाव उन्हात फिरू नको.

तुमची,
पार्वता


अमरावती
१० जून २०२४

पार्वताबाई,

नमस्कार. तुम्ही येणार हे वाचून चारुताने फोनवरच टाळ्या वाजवल्या.

न्हाणीघराची काळजी नसावी. आमचं बाथरूम गेल्याच वर्षी नवीन करून घेतलं आहे. गीझर आहे, फरशी चांगली आहे, आजवर कुणी घसरलेलं नाही. पाटही आहे. शहरातलं घर असलं तरी पाट असतो हो आमच्याकडे. तुमची गैरसोय होणार नाही.

दुसरं असं की चारुताचं ते "खाली बसवतं तरी का" माझ्या मनातून जाईना. तुम्हाला गेल्या पत्रात मी गुडघे कुरकुरतात एवढंच लिहिलं. खरं म्हणजे सहा वर्षं झाली, मी जमिनीवर बसलेलीच नाही. देवपूजासुद्धा खुर्चीवर. वजन वाढलं, साखर काठावर आली. शेवटी हाडांच्या डॉक्टरांना दाखवून आले. त्यांनी फोटो बघितला आणि म्हणाले, झीज आहे, पण ऑपरेशनची घाई नाही. "गुडघा दुखतो म्हणून तुम्ही चालणं सोडलं. चालणं सोडलं म्हणून मांड्या ढिल्या पडल्या. आता सगळा भार एकट्या गुडघ्यावर. तो ओरडणार नाही तर काय करेल?" आणि मी इतकी वर्षं विश्रांती हेच औषध समजत होते!

आमच्या गल्लीत श्रावणी म्हणून फिजिओथेरपिस्ट आहे, तिच्या हवाली झाले आहे. खुर्चीत बसून पाय सरळ करायचा आणि तसाच धरून ठेवायचा. हात न टेकता खुर्चीवरून उठायचं, सावकाश बसायचं, पुन्हा उठायचं. पहिल्या दिवशी रडकुंडीला आले. मांड्या अशा थरथरल्या की बस. पण आता जिना चढताना कठडा हलकेच धरला तरी पुरतो. एवढ्यात!

म्हणजे बघा, बाळ येईपर्यंत मीसुद्धा खाली बसून दाखवणार. एक दिवस तुम्ही आंघोळ घाला, एक दिवस मी.

आपली,
कुंदा


पिंपळडोह
२ जुलै २०२४

इहीनबाई,

नमस्कार. पत्र भेटलं. तुमचे पाय सुधरून राह्यले, लय चांगलं झालं. मंग लेकराचं आंग बी तुमीच धुजा. घरच्या मानसाचा हात बरा. आमी येऊन कायले तुमच्या घरात गर्दी करावं? पेरन्या झाल्या, डवरनी येईन, घरी मानूस पाह्यजे. मी बारशाले येऊन जाईन.

चारुताले नारळपानी देत जा. जास्त लिवत नाई.

पार्वता


अमरावती
६ ऑगस्ट २०२४

पार्वताबाई,

काल संध्याकाळी तुमच्याकडून घरी पोचलो आणि आज सकाळी चहा व्हायच्या आत कागद घेऊन बसले आहे. मधेच हसू येतं आणि पेन थांबतं. वकीलसाहेब स्वयंपाकघरातून विचारतात, "आता काय झालं?"

खरं सांगू? तुमचं जुलैचं पत्र वाचून मला वाटलं, तुम्ही रागावलात. मीच पाटाबिटावरून तिरकस लिहिलं होतं. म्हणून ह्यांचं अकोल्याच्या कोर्टात काम निघालं तशी मीही गाडीत बसले. म्हटलं, पिंपळडोहाला जाऊन समजूत घालू.

चंदाने सतरंजी अंथरली. तुम्ही खाटेवर होतात. खुर्ची मागायची मला लाज वाटली. मनात म्हटलं, एवढे दिवस व्यायाम केला, बसू की! बसलेही. बसणं काय, निम्मं पडणंच होतं ते. पण चहा झाला, निघायची वेळ झाली आणि मला उठवेना. एक पाय दुमडला की दुसरा सरकायचा. तुम्ही खाटेवरून हात पुढे केलात. "आना हात, मी उठवतो तुमाले." मी हात धरला. आणि मी वर यायच्या ऐवजी तुम्हीच खाटेवरून घसरून माझ्या मांडीवर!

तुमचे चंद्रभानराव एका बाजूने, आमचे वकीलसाहेब दुसऱ्या बाजूने. चंदा पदर तोंडात कोंबून उभी. आणि आपण दोघी उठायचं सोडून हसतोय! इतकी मी कधी हसले होते, आठवत नाही.

पण पार्वताबाई, तुमचा हात माझ्या हातात आला तेव्हा हसता हसताच मी चपापले. श्यामच्या लग्नात ह्याच हाताने तुम्ही मला नाचायला ओढत नेलं होतं, मनगट दोन दिवस दुखत होतं माझं. काल तुमच्या बांगड्या कोपरापर्यंत घसरत होत्या. गाडीपर्यंत सोडायला आलेली चंदा हळूच म्हणाली, "काकू, आई उन्हाळ्याच्या तोंडी न्हाणीत पडल्या होत्या. कोनाले सांगू नको म्हने. श्यामभाऊजीले बी माहीत नाई."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. धरायला दांडी आहे का, फरशी घसरणी आहे का, पाट उंच आहे का! आणि मी आपली गीझरचा थाट सांगत बसले. जुलैत तुम्ही रागावला नव्हतात. तुम्हाला येता येणार नाही अशी भीती वाटत होती.

सगळ्यांसमोर विचारता आलं नाही, ते आता विचारते. जेवता काय तुम्ही? इतक्या का वाळलात? अकोल्याला चांगल्या डॉक्टरांना दाखवा. ह्या आठवड्यात. नाहीतर मी पुन्हा येईन, सतरंजीवर बसेन, आणि मग बघा उठवायला किती माणसं लागतात.

तुमची,
कुंदा


पिंपळडोह
२४ ऑगस्ट २०२४

इहीनबाई,

तुमचं पत्र वाचलं आन चंदाले म्हटलं, चुगलखोर हायेस तू. थे म्हने, हाव, हायेच. मंग तिनंच माह्यासंग येष्टीत बसून अकोल्याले डाक्टरीनबाईकडं नेलं.

आता सारं सांगतो. दोन सालाआंधी मले शुगर निंघाली. मी घाबरली. माह्या मोठ्या बह्यनीचा पाय शुगरनं गेल्ता. म्हटलं, आपन खानंच सोडून देऊ. पहिले गोड सोडलं. मंग भात सोडला. कोनी म्हने दूध वाईट, दूध सोडलं. कोनी म्हने दाळ वातूळ, दाळ सोडली. सकाळी कारल्याचा रस आन संध्याकाळी अर्धी भाकर. आंग उतरत गेलं तसं बाया म्हनत, पार्वताबाई, तुमी तं पोरीवानी दिसून राह्यल्या! मलेयी बरं वाटे. साखर सुटली, आन हे गोड लागलं.

मंग एक दिवस न्हाणीत बसली तं उठताच येईना. भिताड धराले गेली आन पडली. डोक्शाले टेंगूळ आलं, बाकी काही नाई. पन भेव बसलं. तवापासून खाटेवरून खुर्ची, खुर्चीवरून खाट. कोनी इचारलं तं म्हनाचं, कंबर धरली.

डाक्टरीनबाईनं रगत तपासलं. मंग म्हने, मावशी, हाताची घडी घाला आन ह्या खुर्चीवरून उठा. म्या म्हटलं, ह्यात काय हाये? इहीनबाई, उठताच आलं नाई! तीन डाव जोर लावला. चंदाच्या डोळ्यात पानी आलं. मी इचारलं, आवो बाई, आंग उतरलं का शुगर उतरते ना? तं थे म्हने, "चरबी उतरली असती तं गोष्ट येगळी. तुमचं मांस उतरलं. आन साखर जाळते कोन? मांसच जाळते ना! तुमी चूलच इजवून टाकली, आन मले इचारता सरपन काहून उरलं?"

माह्या डोक्शात एकदम उतरलं थे.

आता दोन टाइम दाळ, वाटीभर दही, मूठभर फुटाने, आन सोमवार सोडून रोज अंडं. कारल्याचा रस बंद! भाकर मोजकी, पन पोटभर भाजी. गोळी बदलून देली. आमचा बुढा रोज सकाळी अंडं सोलून माह्या हातावर ठेवते आन मी खाईस्तोवर समोरून हालत नाई. लग्नाले एवढी वर्सं झाली, असं कवा पाह्यलं नव्हतं बाई!

आता सांगा, तुमची थे श्रावणी काय काय करवून घेते? सारं लिवजा. मी येनार म्हंजे येनार.

तुमची,
पार्वता


अमरावती
१५ सप्टेंबर २०२४

पार्वताबाई,

मी खाली बसले! आणि उठलेसुद्धा!

ह्या वर्षी महालक्ष्म्यांची पूजा मी जमिनीवर बसून केली. आधी सांगितलं नव्हतं कुणालाच. श्रावणीने महिनाभर घोकून घेतलं होतं. आधी उंच खुर्ची, मग बुटकं स्टूल, मग जमिनीवर दोन उशा, मग एक. उतरताना एक हात खुर्चीवर, एक गुडघा उशीवर टेकवायचा, मग कुशीवर भार देऊन बसायचं. मांडी घालायची नाही, पाय पसरायचे. उठताना तेच उलटं. आधी ओणवं व्हायचं, बरा गुडघा पुढे आणायचा आणि मांडीला सांगायचं, ऊठ.

पूजा झाली, आरतीला सगळे उभे राहिले, आणि मी चौरंगावर एक हात ठेवून उठले. चारुता आठवड्यापूर्वीच आली आहे. तिने हातातलं निरांजन तसंच धरून माझ्याकडे बघितलं. "आई!" एवढंच म्हणाली. पुढची आरती तिला म्हणताच आली नाही. मला मात्र आली. जोरात म्हटली.

गुडघे बरे झाले असं नाही. झीज आहे तिथेच आहे, ढगाळ हवेत ठणकतातही. पण आता मी त्यांना घाबरत नाही. वजन थोडं उतरलं, साखर काठावरून मागे गेली. संध्याकाळी वकीलसाहेबांबरोबर फिरायला जाते. ते पुढे जातात आणि वळून म्हणतात, "पक्षकार मागे राहिले."

तुम्ही लिहिलंत तसं सगळं शिकवते. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, सरकायला नको. उठताना श्वास रोखू नका. उठण्यापेक्षा बसताना जास्त सावकाश, खरा जोर तिथे येतो. धाडकन बसलात तर ते बसणं मोजायचं नाही. जमायला लागलं की पायाला तुरीच्या डाळीची छोटी पुरचुंडी बांधून पाय उचला. आणि पहिले काही दिवस चंदाला शेजारी उभं करा. ही अट आहे.

आणि बाथरूममध्ये कालच भिंतीला दांडी बसवून घेतली. दोन्ही बाजूंना.

तुमची,
कुंदा


पिंपळडोह
२९ सप्टेंबर २०२४

इहीनबाई,

आज म्या हाताची घडी घालून खुर्चीवरून उठून दाखवलं! एक डाव नाई, चांगली पाचसात डाव! चंदा टाळ्या वाजवे आन आमचा बुढा म्हने, पुरं झालं, पुरं झालं, पडशीन. मी कायची आयकतो!

अकोल्याहून येऊन दाळ-अंडं सुरू केलं, तवा पहिले पंधरा दिवस तं काहीच होऊन नाई राह्यलं. मले वाटलं, वाळलेल्या झाडाले पानी टाकून राह्यली मी. मंग एक दिवस गंजभर पानी उचललं तं हात कापला नाई. मंग ओट्याची पायरी भिताड न धरता चढली. वजन बी थोडं वाढलं, आन डाक्टरीनबाई म्हने, हे वाढलेलं वजन पाहून मले खुशी होऊन राह्यली. शुगर बी बरी हाये. मी तं चकितच झाली. खाल्लं जास्त, आन शुगर कमी!

आता दुपारी माह्या आंगनात शेजारच्या मनकर्णाबाई, माणिकबाई, साऱ्या आपापली खुर्ची घेऊन येते. बसतो, उठतो, बसतो, उठतो. रस्त्यानं जानारे पोट्टे हासते. मनकर्णाबाई म्हने, हासा रे, तुमची पाळी बी येईनच.

दसरा झाला का मी निंघतो. घानीचं तेल काढून आनलं हाये. माह्यासाठी पाट बुटका असला तरी चालन आता.

तुमची,
पार्वता


पिंपळडोह
९ नोव्हेंबर २०२४

इहीनबाई,

सुखरूप पोचली. आमचा बुढा बसस्टँडवर आला होता. पहिला सवाल, "पोट्टी कशी हाये?" मी कशी हाये, हे बादमंदी.

आल्यापासून घरात मन लागत नाई. हात आपोआप छातीवर येते. मंग ध्यानात येते, का थे पोरगी तं अमरावतीले हाये.

आपन काय काय ठरवलं होतं, आन काय झालं पाहा. दसऱ्याची वाट कोनी पाह्यली? नवरात्र लागलं आन दुसऱ्याच दिवशी श्यामचा फोन. चंदा वरडली, "आई, पोरगी झाली! पन लवकर झाली, लय लहान हाये!" मी तशीच निंघाली. एकटी. येष्टीची पायरी उंच, पन चढली. कंडक्टर हात देत होता, म्या म्हटलं, राहू दे बाप्पा.

काचेच्या पेटीत पाह्यलं तिले. थे एवढीशी, माह्या पंजाएवढी पाठ. इहीनबाई, तवा तुमी आन मी एकमेकीच्या तोंडाकडं पाह्यलं. एवढ्याशा लेकराचं आंग कोन धुनार होतं? डाक्टरनं तं सांगूनच टाकलं, वजन भरेस्तोवर आंघोळ नाई, तेल नाई, धुरी तं कवाच नाई. माह्या तेलाची शिशी पिशवीतच राह्यली.

आन मंग थे नर्सबाई म्हने, हिले उघड्या छातीवर धरून ठेवा, मानसाच्या उबीनं वाढते लेकरू. चारुताले टाके, वरून ताप. श्याम धरे, पन त्याले दवाई आनाले पळा लागे. मंग कोन? आजी! मले पहिल्या डाव तिले छातीले बांधून देलं तवा मी हालली बी नाई. तिचा श्वास माह्या गळ्याले लागे. घंटा घंटा तशीच बसून. आन उठाची पाळी आली तं दोन्ही हात पोरीवर! खुर्ची कायनं धराव? उठली मी. मांड्यायच्या भरोशावर उठली. तिले धक्का सुदा लागला नाई. तुमी दाराशी उभ्या होत्या, तुमी पाह्यलं. मंग तुमची पाळी, मंग माही. दिवाळीचे दिवे बी आपन आळीपाळीनंच लावले.

दवाखान्यातून घरी आनलं तवा थे डोळे उघडून पाहाले लागली होती. मले राहाचंच होतं. पन कापूस फुटला हाये, वेचाले बाया भेटत नाई, चंदा एकटी मरून राह्यली. मी काल वावरात गेली होती. वेचनं नाई, नुसतं बसून बायावर ध्यान ठेवलं. पन वावरात गेली! दोन सालात पाय ठेवला नव्हता.

आता आयका. डाक्टर हो म्हनन तवा पहिलं आंग तुमीच धुसान. एक दिवस मी, एक दिवस तुमी, असं ठरलं होतं ना? पहिला दिवस तुमचा. पानी पहिले आपल्या कोपराले लावून पाह्यजा. मान डाव्या हातावर. तेल थोडं, जोर अजिबात नाई, थे काही आमच्या श्यामसारखी दांडगी नाई. कानात पानी जाऊ देऊ नका. आन घाई करू नका, लेकराले आपल्या हाताची घाई कळते.

भेव वाटलं तं मले फोन करा. चंदा वरडून सांगन.

तुमची,
पार्वता


अमरावती
२४ नोव्हेंबर २०२४

पार्वताबाई,

काल झालं!

परवा दवाखान्यात वजन केलं. डॉक्टरांनी काट्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "आजीबाई, घाला आता आंघोळ." वाटेत रिक्षात मी तीन वेळा चारुताला विचारलं, ते नक्की हो म्हणाले ना?

काल सकाळी ऊन आल्यावर तयारी केली. बाथरूम गरम करून घेतलं, दारं-खिडक्या बंद. वकीलसाहेब बाहेर येरझारा घालत होते, जणू निकाल लागायचा आहे. मी दांडी धरून खाली उतरले, पाटावर बसले, पाय पसरले. चारुताने तिला आणून माझ्या पायांवर ठेवलं.

पार्वताबाई, तिचं वजन कळतसुद्धा नव्हतं. तुम्ही ठेवून गेलेलं तेल घेतलं, बोटावर जेमतेम. छाती, पोट, मग पाय. मग पालथी केली. तुम्ही सांगितलंत तसं अंगठ्यांनी, हलकं, कणकेवरून पीठ झटकावं इतकं हलकं. पाणी कोपराला लावून बघितलं. पहिली धार पाठीवर पडली आणि ती रडली. असली रडली, की बाहेरून वकीलसाहेब ओरडले, "काय करताय काय तिला?"

मी थांबले नाही. घाई केली नाही. आणि मग ती एकदम गप्प झाली. मान कलती केली, आणि डोळे मोठे करून बघायला लागली. पाणी कुठून येतंय, हे कोण आहे, हे सगळं काय चाललंय! तुम्ही मे महिन्यात लिहिलं होतं, थे डोळे पाहासाठी काशीले येईन. मी तर फक्त बाथरूमपर्यंत गेले.

चारुताने तिला टॉवेलमध्ये गुंडाळून उचललं. "बघा बघा, कशी बघते!" म्हणत ती बाहेर पळाली, तिच्या मागून श्याम फोन घेऊन, त्याच्या मागून वकीलसाहेब. दार ढकललं गेलं. बाहेर एकच गलका. नाक कुणासारखं, हसली की काय, फोटो काढ, फोटो काढ.

आणि मी आत. पाटावर, गुडघ्यापर्यंत भिजलेली, एकटी.

हाक मारली, "अगं चारुता!" कुणाला ऐकू गेली नाही.

मग मी दुसऱ्या टॉवेलची घडी घातली, बाजूला ठेवली. कुशीवर वळले, गुडघा टॉवेलवर टेकवला. दांडीवर हात. उजवा पाय पुढे. मांडीला म्हटलं, चल. आणि उठले. गुडघा कळवळला, पण उठले. बादली उपडी घातली, पाट धुऊन भिंतीला लावला, साडी पिळली आणि बाहेर आले.

कुणीही माझ्याकडे बघितलं नाही. "आई, तू उठलीस कशी?" असं चारुताने विचारलं नाही. हात द्यायला कुणी धावलं नाही. श्याम म्हणाला, "आई, तिचं टोपडं कुठे ठेवलंय?" मी कपाटातून काढून दिलं. बस, एवढंच. सहा वर्षं ह्या घरात मी उठले की चार हात पुढे यायचे. काल मी उठले, ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

मी स्वयंपाकघरात जाऊन खिडकीशी उभी राहिले. मला नाचावंसं वाटत होतं. पण सांगू कुणाला? म्हणून तुम्हाला लिहिलं.

आजचा दिवस तुमचा होता, तो मी राखून ठेवते. कापसाचं आटोपलं की या.

तुमची,
कुंदा